नव्या कराचे वाटप ठरवण्याआधी जुनी वही उघडा : सभागृहातील सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महापौर आणि शहराच्या सभागृहातील सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नवा स्थानिक कर लागू झाला, पहिल्या तिमाहीचा भरणा तिजोरीत जमा झाला आणि आता अर्थसंकल्पी सभेत त्याचे वाटप ठरणार आहे. त्या सभेआधी हे पत्र तुमच्या हातात पडावे म्हणून लिहिते आहे. माझी कराविरुद्ध तक्रार नाही. मी तो भरते, आणि तो लागावा असे म्हणणाऱ्यांपैकीच मी होते. म्हणूनच त्या पैशाचे काय होते याची मला काळजी आहे.

मी सव्वीस वर्षे एका नगरपालिकेच्या लेखा विभागात नोकरी केली. तिथला एक प्रसंग आधी सांगते, कारण या पत्राचे मूळ तिथे आहे.

आमच्याकडे ग्रंथालयांसाठी एक लहानसा उपकर सुरू झाला होता. अर्थसंकल्पाचा मसुदा टाइप करणे माझ्याकडे होते. डाव्या रकान्यात चालू वर्षाची तरतूद, मधल्या रकान्यात सुधारित अंदाज, उजवीकडे पुढच्या वर्षाची तरतूद. ग्रंथालयाच्या पानावर एक नवे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, उघडले : 'उपकरातून ग्रंथालय सुधारणा'. त्याच्या तीन ओळी वर जुने लेखाशीर्ष होते, 'ग्रंथालये : देखभाल व पुस्तक खरेदी'. साहेबांनी पेन्सिलीने त्या जुन्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी जवळजवळ निम्मा आकडा लिहिला. मला वाटले, नजरचुकीने झाले असेल. विचारले, तर म्हणाले, "आता त्यांना उपकराचे मिळणारच आहेत ना? मग इकडचे कमी केले."

मी तो आकडा टाइप केला. वाचलेली रक्कम चार पानांपुढे दुसऱ्याच कामाला जोडली गेली. सभागृहात भाषणे झाली ती नव्या लेखाशीर्षावर, टाळ्याही त्यालाच पडल्या. जुनी ओळ कोणी वाचली नाही. वर्ष संपल्यावर हिशेब लावला तेव्हा ग्रंथालयांत आलेली पुस्तके आदल्या वर्षीइतकीच होती. लोकांनी उपकर मात्र पूर्ण भरला होता.

यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. उपकराचा पैसा खरोखरच ग्रंथालयांवर गेला होता, पावत्या होत्या, लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. तरी लोकांना दिलेला शब्द मोडला होता. सगळे नियम पाळून शब्द मोडता येतो, हे मला त्या दिवशी कळले आणि ते अजून सलते.

तुमच्यापुढे येणाऱ्या प्रस्तावाचेही असे होऊ शकते. समजा शाळांच्या दुरुस्तीवर आज वर्षाला 100 खर्च होतात आणि नव्या करातून त्यांना 20 द्यायचे ठरले. लोक समजतात, आता 120 होतील. पण तेवढ्यात सर्वसाधारण निधीतले, म्हणजे कोणत्याही एका कामाला न बांधलेल्या सामाईक तिजोरीतले, 100 हळूच 85 वर आणले, तर हातात येतात 105. जाहिरात 20 ची, वाढ 5 ची. उरलेले 15 कुठे गेले हे शोधायला दोन वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून बसावे लागते, आणि तेवढा वेळ कोणाकडे नसतो. पैशावर रंग नसतो. कोणता पैसा कराचा आणि कोणता जुना, हे फक्त कागदावरच्या शीर्षकावरून ठरते. म्हणून 'हा पैसा याच कामाला वापरू' एवढे आश्वासन अपुरे पडते. 'आधीचा पैसाही तिथून हलवणार नाही' हे त्याच्या जोडीला लिहून यावे लागते.

हे फक्त लहान गावांत घडते असे नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने 2017 मध्ये गोड पेयांवर कर मंजूर केला आणि 1 जानेवारी 2018 पासून तो लागू केला. त्यातून गरीब वस्त्यांत ताजे अन्न पोचवणे आणि लहान मुलांचे शिक्षण यांवर जास्तीचा खर्च व्हावा अशी अपेक्षा होती. वसुली अंदाजापेक्षा चांगली झाली. तेव्हा प्रशासनाने पुढच्या अर्थसंकल्पात आधीपासून चालू असलेल्या काही योजनांचा खर्च या कराच्या पैशातून भागवला आणि तेवढा सर्वसाधारण निधी मोकळा करून घेतला. ज्या वस्त्यांनी कराला पाठिंबा दिला होता तिथले लोक नाराज झाले. जुलै 2019 मध्ये नगर परिषदेने ठराव करून या करासाठी वेगळा निधी उघडला आणि तो जुन्या खर्चाच्या जागी वापरता येणार नाही अशी अट घातली. महापौरांनी नकाराधिकार वापरला. परिषदेने ऑगस्टमध्ये तो मोडून काढला.

मला या प्रकरणात भांडणापेक्षा वेळ महत्त्वाची वाटते. अट घातली गेली ती कर सुरू होऊन दीड वर्ष झाल्यावर, पैसा एकदा दुसरीकडे वळून झाल्यावर. तोवर मोकळ्या झालेल्या निधीवर दुसऱ्या योजना उभ्या राहिलेल्या असतात, तिथे माणसे कामाला लागलेली असतात, आणि तो पैसा परत आणायचा तर त्यांच्या तोंडचा घास काढावा लागतो. तुमच्याकडे मात्र आज कोरी वही आहे. अट आज घातली तर कोणाचेच काही जात नाही.

काही सदस्य म्हणतील, पैसा एकाच कामाला बांधून टाकला तर उद्या संकट आले की आमचे हात अडकतील. ही शंका खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. लेखा विभागात बसलेल्या माणसाला बांधलेल्या निधींचा त्रास चांगला ठाऊक असतो. एका खात्यात पैसा पडून असतो, दुसऱ्या खात्यात पगार थकतात, आणि मधली भिंत ओलांडता येत नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने यावर एक मधला मार्ग काढला. त्या राज्यात परिषदेने मांडलेला कर ठरावीक कामासाठी राखून ठेवायचा असेल तर दोनतृतीयांश मतदारांची संमती लागते, सर्वसाधारण निधीत टाकायचा असेल तर साधे बहुमत पुरते. बर्कलीने 2014 मध्ये आपला पेयकर दुसऱ्या प्रकारात मांडला, म्हणजे कायद्याने पैसा मोकळा ठेवला. पण त्याबरोबर जाणकारांची एक समिती नेमली. पैसा कशावर खर्च व्हावा हे ती परिषदेला सुचवते. परिषदेवर ते बंधनकारक नाही, मात्र किती सूचना पाळल्या हे तिला दरवर्षी समितीला कळवावे लागते. हात मोकळे राहिले आणि हिशेबही द्यावा लागला. आपल्याकडे निधी पूर्ण बांधायचा नसेल तर निदान एवढे तरी करा. सल्लागार समिती नेमून तिचा अहवाल कपाटात ठेवणे मात्र करू नका. त्यापेक्षा समिती नसलेली बरी, कारण लोक तिच्यावर भरवसा टाकून बसतात.

आता दुसरा मुद्दा, जो सभागृहात कमी बोलला जातो. नव्या पैशाचे पहिले रूप नेहमी इमारत असते. पायाभरणी करता येते, फलक लावता येतो, पाच वर्षांच्या आत दाखवता येते. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. निवडून आलेल्या माणसाला काम दाखवावेच लागते. पण आमच्याकडे अशाच एका चांगल्या वर्षी एका वस्तीत दवाखाना बांधला होता. मी मोजमाप पुस्तिकेची पडताळणी करायला तिथे गेले होते. फरशी झाली होती, रंग झाला होता, लस ठेवायचे फ्रीज आले होते. फ्रीजच्या दारावरचे पारदर्शक प्लास्टिक अजून काढलेले नव्हते, आत सूचनापत्रिका घडी घालून ठेवलेली होती. नर्सचे पद मंजूर नव्हते. बांधकामाच्या लेखाशीर्षात पैसा होता, आस्थापनेच्या, म्हणजे पगाराच्या, लेखाशीर्षात नव्हता, आणि दोन्ही प्रस्ताव वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या टेबलांवर गेले होते. ओटीवर दोन बायका तान्ही मुले घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोणीतरी सांगितले होते की आज दवाखाना उघडणार. मी गेले तेव्हा त्यांना वाटले, मीच नर्स.

तेव्हापासून कोणत्याही नव्या कामाच्या प्रस्तावावर मी एकच गोष्ट शोधते : हे उभे राहिल्यावर दरवर्षी चालवायला किती लागेल, आणि ते कुठून येईल. पगार, वीज, पाणी, साफसफाई, दहा वर्षांनी छताची दुरुस्ती. हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर नसेल तर तो प्रस्ताव अर्धाच आहे आणि तुम्ही तो परत पाठवावा. शहराला नवी वास्तू देणारा सदस्य सगळ्यांच्या लक्षात राहतो. जुन्या गटाराची चेंबरे वेळेवर उपसून घेणारा राहत नाही. तरीही पावसाळ्यात घरात पाणी शिरले नाही याचे श्रेय त्याचेच असते. नव्या कराचा मोठा वाटा देखभाल-दुरुस्तीला जावा असे माझे स्पष्ट मत आहे. रखडलेली दुरुस्ती हेही कर्जच असते, फक्त त्याची वही कोणी ठेवत नाही.

पैसा कोणत्या जातीचा आहे हेही पाहा. काही कर दरवर्षी सारखे येतात, काही बाजारावर हलतात, आणि काही असे असतात की ते आपल्या कामात यशस्वी झाले की आटतात. साखरेच्या पेयांवरचा कर लोकांनी ती पेये कमी प्यावीत म्हणून लावतात. लोक खरेच कमी पिऊ लागले तर वसुली घटणार, आणि त्या वसुलीवर बालवाडीच्या शिक्षिकांचे पगार ठेवले असतील तर आरोग्याची चांगली बातमी शिक्षणाला वाईट ठरते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने 2016 मध्ये असा कर मंजूर केला. बालवाड्या, समुदाय शाळा (शिक्षणाबरोबर आरोग्य आणि समाजसेवाही पुरवणाऱ्या सरकारी शाळा), आणि उद्याने व ग्रंथालयांची दुरुस्ती, अशी तीन कामे त्यावर ठेवली. जानेवारी 2017 पासून वसुली सुरू झाली, पण ती अंदाजाला पोचली नाही. शिवाय कराविरुद्ध खटला चालू होता आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै 2018 मध्ये आला. त्याआधीच शहराला बालवाडीच्या जागांचे उद्दिष्ट 6,500 वरून 5,500 वर आणि समुदाय शाळांचे 25 वरून 20 वर आणावे लागले. कामे चांगली होती आणि हेतूही चांगला होता. पण पहिल्याच वर्षी पूर्ण अंदाजाएवढे वचन दिले की कमी पडलेला प्रत्येक पैसा एखाद्या मुलाच्या जागेतून कापला जातो.

आपल्या पहिल्या तिमाहीचा आकडा चांगला आहे असे ऐकते. आनंद आहे. पण एका तिमाहीवरून चार तिमाहींचा गुणाकार करू नका. सुरुवातीच्या वसुलीत कधी थकबाकी मिसळलेली असते, कधी लोक दंडाच्या भीतीने आगाऊ भरतात. पहिल्या वर्षी अंदाजाच्या थोडे आतच कामे ठरवा आणि वर येईल ते राखीव निधीत टाका. अमेरिका-कॅनडातील सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना स्थानिक संस्थांना सांगते की नेहमीच्या खर्चाच्या किमान दोन महिन्यांएवढी शिल्लक सर्वसाधारण निधीत असावी. आपली किती आहे, हे सभेत एका सदस्याने उभे राहून विचारावे, एवढीच विनंती. उत्तर इतिवृत्तात यायला हवे.

वाटप कसे ठरते याबद्दलही लिहायला हवे. तुमच्यावर प्रभागाचा दबाव असतो, हे मी गॅलरीत बसून अनेक वर्षे पाहिले आहे. भांडण मिटवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रक्कम प्रभागांच्या संख्येने भागणे. ते न्याय्य दिसते. पण मग प्रत्येकाच्या वाट्याला इतका लहान तुकडा येतो की त्यातून बाक, कमान आणि थोडे पदपथ यांपलीकडे काही होत नाही. नाला तीन प्रभागांतून वाहतो. त्याचा एक तृतीयांश दुरुस्त करून उपयोग नसतो. ज्या वस्तीत नळच पोचला नाही आणि जिथे फक्त बाग रंगवायची आहे, त्या दोघींना सारखी रक्कम देणे यात समानता मला दिसत नाही.

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून लोकसहभागातून अर्थसंकल्प ठरवण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा त्यांनी विभागांना रक्कम देताना तीन गोष्टी धरल्या : लोकसंख्या, सोयींची कमतरता, आणि लोकांनी स्वतः सांगितलेला अग्रक्रम. ही पद्धत जगभर गाजली, पण सुरुवात कशी झाली ते फारसे सांगितले जात नाही. पहिल्या काळात शहराचे बहुतेक उत्पन्न पगारावरच जात होते. लोकांनी बैठकांना येऊन मागण्या लिहून दिल्या आणि कामे झाली नाहीत. पुढच्या खेपेला माणसे कमी आली. नंतर शहराने करव्यवस्था सुधारली, उत्पन्न वाढले, रस्ते आणि सांडपाण्याची कामे दिसू लागली, आणि बैठका भरू लागल्या. यातून मी एवढेच घेते की लोकांना विचारायचे असेल तर त्यांच्या उत्तरासाठी खरा पैसा बाजूला काढून मग विचारा. सगळे वाटप ठरल्यावर भरवलेल्या सूचनासभेला मी गेले आहे. तिथे पुढच्या रांगेतल्या वृद्ध गृहस्थांनी चार पाने लिहून आणली होती. ती घेतली गेली, शिक्का मारला गेला, पोच दिली गेली. छापलेला अर्थसंकल्प त्या वेळी शेजारच्या खोलीत गठ्ठ्यांत बांधून तयार होता. तसे करू नका. माणूस एकदा असा परत गेला की पुन्हा येत नाही.

आणि लोक कराला नेहमी विरोधच करतात असे धरून चालू नका. कोलंबियाची राजधानी बोगोटाचे महापौर अंतानास मोकुस यांनी 2002 मध्ये नागरिकांना स्वखुशीने 10 टक्के जादा कर भरण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे 63,000 जणांनी तो भरला. सक्ती नव्हती. आपला पैसा दिसेल अशा कामाला जातो असा विश्वास लोकांत तयार झालेला होता. लंडनने 17 फेब्रुवारी 2003 रोजी मध्य भागात गाड्यांवर शुल्क सुरू केले, त्याच दिवशी सुमारे 300 जादा बसही रस्त्यावर आणल्या. गाडी घरी ठेवणाऱ्याला थांब्यावर बस दिसली. शिवाय त्या शुल्काची निव्वळ रक्कम पहिली दहा वर्षे वाहतुकीवरच खर्च करायची, असे कायद्यातच होते.

म्हणून येत्या सभेत तुमच्याकडून मला पुढील गोष्टी हव्या आहेत. ज्या ज्या कामाला नव्या कराचा पैसा देणार, त्या कामावर गेल्या तीन वर्षांत सर्वसाधारण निधीतून प्रत्यक्ष किती खर्च झाला तो आकडा ठरावाच्या सोबत जोडा. मी तरतूद म्हणत नाही, प्रत्यक्ष खर्च म्हणते, कारण तरतूद फुगवलेली असू शकते. त्या तीन वर्षांच्या सरासरीखाली जुना खर्च जाणार नाही, असे ठरावात लिहा. आर्थिक आपत्तीत ती अट शिथिल करायची वेळ आली तर ती खुल्या सभेत, नावानिशी मतदानाने आणि एकाच वर्षापुरती करावी. वर्षाच्या मधे एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवण्याचे प्रस्ताव ऐनवेळचा, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत नसलेला, विषय म्हणून आणू नका. नव्या कराच्या निधीला तर तो मार्ग बंदच ठेवा. दर सहा महिन्यांनी एक पानाचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावा : किती आले, कशावर गेले, जुना खर्च किती होता आणि आता किती आहे. चौथा रकाना विसरू नका. माझ्या साहेबांची पेन्सिल त्याच रकान्यात चालली होती.

प्रशासन सांगेल की असा तक्ता करायला वेळ लागतो. मी हे काम केले आहे. आकडे खात्यांकडे आधीच असतात, वर्षअखेरचे ताळेबंद बाहेर काढले की दोन माणसांचे चार दिवसांचे काम आहे. एखाद्या कामावरचा प्रत्यक्ष खर्च सापडतच नाही असे उत्तर आले, तर त्या कामाला नवा पैसा देण्याआधी तो का सापडत नाही हे विचारा.

सभेच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत असेन. मागच्या पाच वर्षांचे छापील अर्थसंकल्प माझ्याजवळ आहेत, आणि प्रस्तावात नाव आलेल्या प्रत्येक कामाच्या पानावर मी खुणेची चिठ्ठी लावली आहे. तुमच्यापैकी ज्यांना जुना आकडा बघायचा असेल त्यांनी सभा सुरू होण्याआधी अर्धा तास वर यावे. पक्ष कोणताही असो, मी पान उघडून देईन.

आपली,
निवृत्त लेखा लिपिक आणि नियमित करदाती